मते ताजमहालाला पडली, भोनच्या स्तूपाचे काय?

सात आश्चर्ये म्हटली की शाळकरी पोरालाही ताजमहाल आठवतो. परंतु ही सात आश्चर्ये ठरविली कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर, असे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच एका जनमतात निवडून आले आहे. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच जिल्ह्यात एक बौद्ध स्तूप असा आहे की, ज्याला मत देणे तर दूरच, त्याचे नावही अनेकांच्या कानावर गेलेले नाही. तो धरणाच्या बुडीत क्षेत्रात आहे. म्हणून या मतदानाचा हिशेब एकदा मांडून पाहावा असे आम्हांला वाटते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. बेरीज समोर आली की ती पडताळून पाहण्याची सवय हाताला लागलेली असते.

जुनी यादी, नवी यादी

सात आश्चर्यांची पहिली यादी ग्रीक प्रवाशांची आणि लेखकांची. ती दोन हजार वर्षांहून जुनी. भूमध्य समुद्राच्या आसपास त्यांनी जे पाहिले, ऐकले, तेवढेच तिच्यात आले. त्या काळी सांचीचा स्तूप उभा होता, अजिंठ्याची पहिली लेणी कोरली जात होती. परंतु यादी करणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात ती नव्हती, म्हणून यादीतही नव्हती. त्या सातांपैकी गिझाचा पिरॅमिड तेवढा आज शिल्लक आहे.

नवी यादी जनमताने करावी ही कल्पना बर्नार्ड वेबर या स्विस-कॅनेडियन चित्रपट निर्मात्याची. मार्च २००१ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानातील बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती सुरुंग लावून फोडल्या. एक सुमारे ५५ मीटर उंच, दुसरी सुमारे ३८ मीटर. साऱ्या जगाला हळहळ वाटली. वेबर यांच्या मोहिमेतही प्रारंभी बामियानचे नाव घेतले जात होते. मोहिमेच्या उत्पन्नातून अशा वारशाच्या उभारणीला हातभार लावण्याची भाषा होती. पुढे इंटरनेट, फोन आणि एसएमएसवरून मते मागविली गेली. आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे दहा कोटी मते पडली आणि ७ जुलै २००७ रोजी पोर्तुगालमधील लिस्बन येथे निकाल लागला. चीनची भिंत, जॉर्डनमधील पेट्रा, ब्राझीलचा ख्रिस्ताचा पुतळा, पेरूतील माचू पिचू, मेक्सिकोतील चिचेन इत्झा, रोमचे कोलोसियम आणि आपला ताजमहाल हे विजयी झाले. बामियानचे दोन कोनाडे मात्र आजही रिकामेच आहेत.

शेवटच्या फेरीत २१ स्थळे होती. त्यांत बोधगया नव्हते, सांची नव्हती, अजिंठा नव्हता, इंडोनेशियातील बोरोबुदूरही नव्हते. बौद्ध परंपरेशी नाते सांगणारी दोनच नावे होती, कंबोडियातील अंकोर आणि जपानमधील क्योटोचे कियोमिझु मंदिर. दोन्ही मागे पडली.

मत कोणाचे, किती वेळा?

२००७ साली ताजमहालासाठी आपल्याकडेही मोठा गाजावाजा झाला. मोबाईलवर संदेश फिरत होते, 'ताजला मत द्या, देशाची शान राखा.' ज्याच्याजवळ मोबाईल तो मतदार! त्या वर्षी आपल्या खेड्यांत किती घरांत मोबाईल होता आणि किती घरांत इंटरनेट होते, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. शेतमजुराचे, मोलकरणीचे, वीटभट्टीवरच्या कुटुंबाचे मत त्या दहा कोटींत नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की, एका माणसाने एकच मत द्यावे असे बंधन तिथे नव्हते. फोनवरून कितीही वेळा मत देता येत होते आणि पैसे भरून जादा मतेही घेता येत होती. जॉर्डनची लोकसंख्या तेव्हा ७० लाखांहूनही कमी, आणि तिथून १ कोटी ४० लाख मते पडल्याचे प्रसिद्ध झाले! गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत सभासदांच्या दुप्पट मते निघाली तर आपण काय म्हणू? फेरनिवडणूक घ्या म्हणू.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने जून २००७ मध्येच या मोहिमेपासून आपले अंग काढून घेतले. हा खाजगी उपक्रम आहे, त्यात इंटरनेट वापरणाऱ्यांचेच मत उमटेल, साऱ्या जगाचे नव्हे. आणि निवडलेल्या स्थळांच्या जतनाला त्याचा टिकाऊ उपयोग होणार नाही, असे युनेस्कोने स्पष्ट सांगितले.

मताची किंमत आपल्या समाजाइतकी कोणाला कळणार? १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, राजकारणात प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एक मूल्य मिळेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहिली तर ही लोकशाही धोक्यात येईल. एसएमएसच्या मतदानात तर राजकारणातली ती समताही नाही. ज्याची ऐपत मोठी त्याची मते जास्त. याला जनमत म्हणावयाचे की बोली लावणे, हे वाचकांनीच ठरवावे.

महाराष्ट्राची सात आश्चर्ये

असे असले तरी अशी मोहीम सर्वस्वी निरुपयोगी असते असेही नाही. २०१३ साली 'एबीपी माझा' या वृत्तवाहिनीने जनमत घेऊन महाराष्ट्राची सात आश्चर्ये जाहीर केली. त्यांत रायगड, देवगिरीचा म्हणजेच दौलताबादचा किल्ला, कासचे पठार, मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस, अजिंठ्याची लेणी, गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा आणि लोणारचे सरोवर ही नावे आली.

या सातांपैकी दोन स्थळे बुद्धाच्या धम्माशी जोडलेली आहेत. गोराईचा पॅगोडा तर आजच्या काळातला. पूज्य सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने तो उभा राहिला आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उंची सुमारे ३२५ फूट. आतल्या घुमटाला एकही खांब नाही. दगडात दगड गुंतवून तो पेलला आहे. त्याखाली सुमारे आठ हजार साधक एकाच वेळी ध्यानाला बसू शकतात. ब्रह्मदेशातील श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर तो बांधला आहे. विजापूरच्या गोल घुमटाची ख्याती ऐकत आपण मोठे झालो, पण त्याहून मोठा घुमट आपल्याच राज्यात उभा आहे हे मुलांना सांगितले पाहिजे.

वेरूळ मात्र या सातांत नाही. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा, जिजाऊंचे जन्मस्थान, तेही नाही. म्हणून त्यांचे मोल कमी झाले काय? यादी सातांचीच असली की आठवा कितीही मोठा असला तरी बाहेरच राहतो.

लोणार निवडून आले, पुढे काय?

लोणारचा मान योग्यच आहे. काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेले असे विवर जगात फारच दुर्मीळ. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या घरात. पाणी खारे आणि त्याचबरोबर अल्कधर्मी, साबणाच्या पाण्यासारखे. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथातही लोणारच्या क्षारांची नोंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची माहिती लिहून ठेवली. बराच काळ ते ज्वालामुखीचे तोंड समजले जाई. १९७३ साली भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी तेथील खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच दाखवून दिली आणि उल्कापाताचे मत पक्के झाले. वयाबद्दल मात्र एकमत नाही. आधीच्या मोजणीत ते सुमारे ५० हजार वर्षे आले होते, तर २०१० च्या सुमारास झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत ५ लाख ७० हजार वर्षे आले.

जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. गावोगाव तर्ककुतर्क सुरू झाले. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी कोप म्हणाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले की, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला आहे. पाणी आटले, खारटपणा वाढला, म्हणून ते जीव वाढले. कारण समजले की चमत्कार उरत नाही. मुलांना लोणार दाखवायला न्याल तेव्हा ही गोष्ट अवश्य सांगा.

आता हिशेबाकडे येऊ. लोणारला संरक्षण कोणी दिले? २००० साली सरकारने हा परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर केला. सांडपाणी, अतिक्रमण यांचा प्रश्न नागरिकांनी जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला. २०२० साली लोणारला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. कायदा, याचिका, शास्त्रज्ञांचे अहवाल आणि चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसे यांचे हे काम आहे. २०१३ च्या मतांनी लोणारचे नाव घरोघरी नेले, पर्यटक आणले. पण सरोवरात येणारे घाण पाणी मतांनी अडत नाही. आमदार निवडून दिला म्हणजे गावात नळ आपोआप येत नाही, तसेच हे.

१८१८ साली मतदान झाले असते तर?

वाचकहो, क्षणभर कल्पना करा. १८१८ साली कोणी महाराष्ट्राच्या सात आश्चर्यांसाठी मते मागविली असती तर अजिंठ्याला किती मते पडली असती? आसपासच्या गावांतील गुराख्यांखेरीज एकही नाही! वाघोरा नदीच्या वळणावरची ती लेणी झाडीने वेढलेली होती. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि बाहेरच्या जगाला अजिंठा ठाऊक झाला. १९८३ साली ती लेणी जागतिक वारसा झाली.

१८१८ आणि १८१९ या दोन वर्षांत अजिंठ्यात काय बदलले? काहीही नाही. चित्रे तीच, शिल्पे तीच. पाचव्या शतकात वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशिम, ही राजधानी असलेल्या वाकाटक घराण्यातील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची बरीच लेणी झाली. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले, हे तिथल्या शिलालेखात कोरलेले आहे. तेराशे-चौदाशे वर्षे हा शिलालेख वाचणारा कोणी नव्हता, म्हणून तो खोटा ठरत नाही.

मतदानात माहिती असलेल्या गोष्टींचीच मोजणी होते. ज्याची माहितीच पुसली गेली त्याला उमेदवारी मिळत नाही. आणि आपल्या देशात बौद्ध वारशाची माहिती शतकानुशतके पुसली गेली, हे वेगळे सांगावयास नको.

भोनचा स्तूप

असा एक 'उमेदवारी न मिळालेला' वारसा आपल्याच जिल्ह्यात आहे. शेगावच्या उत्तरेला, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात भोन नावाचे गाव आहे. २००० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. भास्कर देवतारे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन केले. जमिनीखाली भाजक्या विटांचा स्तूप निघाला. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी निघाल्या. पाण्याच्या व्यवस्थेसाठी केलेले विटांचे बांधकाम निघाले. हा स्तूप मौर्यकाळातला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा असावा, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. म्हणजे सम्राट अशोकाच्या काळाजवळचा! विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पवनीचे स्तूप अभ्यासकांना माहीत होते. भोनने दाखवून दिले की धम्म वऱ्हाडातही तेवढाच जुना आहे.

हे ठिकाण पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. धरणाला आमचा विरोध नाही. पूर्णेचे खोरे हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी पिण्याला चालत नाही, पिकाला चालत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवेच आहे. ज्यांची घरे-शेते बुडतात त्यांचे नीट पुनर्वसन व्हावे, हा प्रश्न तर स्तूपाच्याही आधीचा. परंतु पाणी हवे म्हणून इतिहास बुडालाच पाहिजे असे थोडेच आहे?

जगाने यातून मार्ग काढलेला आहे. इजिप्तमध्ये आस्वान धरणामुळे अबू सिंबेलची तीन हजारांहून अधिक वर्षांची मंदिरे बुडणार होती. युनेस्कोच्या पुढाकाराने अनेक देश एकत्र आले. १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरे कापून, तुकड्यांना क्रमांक घालून, उंचावर पुन्हा जशीच्या तशी उभी केली गेली. या मोहिमेतून जी जाण आली तिच्यातूनच १९७२ चा जागतिक वारसा करार झाला. म्हणजे ज्या यादीत आपला अजिंठा मानाने बसला आहे, त्या यादीमागे एका धरणात बुडू पाहणाऱ्या वारशाची गोष्ट आहे.

आपल्या देशातही असे घडले. कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण झाले तेव्हा नागार्जुनकोंड्याचे विहार, स्तूप आणि सारे खोरे पाण्याखाली जाणार होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५४ ते १९६० या काळात तेथे मोठे उत्खनन केले. निवडक अवशेष डोंगरमाथ्यावर व अनुपु येथे हलवून पुन्हा मांडले. तो डोंगर आज जलाशयातले बेट आहे आणि त्यावर संग्रहालय आहे. धरणही झाले आणि वारसाही काही प्रमाणात वाचला. यासाठी कोणी एसएमएस मागविले नव्हते.

आपण काय करावे?

संविधानाच्या अनुच्छेद ४९ प्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे ही राज्याची जबाबदारी आहे. अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. देशाच्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणे हे त्यांपैकी एक. म्हणजे काम दोघांचे आहे, सरकारचे आणि आपले. आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली, माहिती मागा. भोनच्या स्तूपाबाबत काय निर्णय झाला, नोंद व चित्रीकरण पूर्ण झाले का, निघालेल्या वस्तू कोठे ठेवल्या आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. २००५ च्या कायद्याने हा अधिकार दिला आहे. अर्जाला दहा रुपयांचे शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तेही नाही. महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. उत्तर साधारणतः तीस दिवसांत मिळावयास हवे. अर्जात भाषण करू नये, मुद्देसूद प्रश्न विचारावेत. पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

दुसरी, ग्रामसभेत विषय घ्या. 'आमच्या गावच्या शिवारातील प्राचीन अवशेषांची नोंद व्हावी' असा ठराव कागदावर आला की तो फाईलमध्ये राहतो, आणि फाईलमध्ये राहिलेला कागद केव्हातरी कामी येतो. हे आम्ही कार्यालयातल्या अनुभवाने सांगतो.

तिसरी, घरातील भगिनींसाठी आणि मुलांसाठी. सुट्टीत सहल काढाल तेव्हा लोणार जरूर दाखवा, अजिंठा दाखवा. परंतु मुलांच्या वहीत आणखी एक पान करवून घ्या. आपल्या तालुक्यातील जुनी लेणी, टेकाडे, विटांचे ढिगारे, पडक्या विहिरी, शिळा, यांची नावे गावातील वृद्धांना विचारून त्यांना लिहू द्या. ठिकाण, गट क्रमांक, कोणी सांगितले, केव्हा पाहिले, एवढे लिहिले तरी पुरे. मात्र कोठेही उकरू नये आणि एक वीटही घरी आणू नये. वीट जागेवर असते तोवरच ती पुरावा असते. घरी आणली की नुसती वीट.

विहारात पौर्णिमेला जमता तेव्हा या याद्या एकत्र करा. गावागावांच्या याद्यांची मिळून तालुक्याची यादी होईल. मग पुढे कधी कोणी आश्चर्यांसाठी मते मागायला आले, तर आपल्याजवळ देण्यासाठी नावे तरी असतील. आणि कोणी मागितलीच नाहीत तरीही या याद्या पुरातत्त्व खात्याच्या टेबलावर ठेवता येतील. भोनचे नाव त्यांत पहिले लिहावे.